एका शहराची मिळकत, अनेक ठिकाणची पुंजी

सतराव्या शतकातील सुरतेच्या व्यापाराचा वृत्तांत सांगताना ज्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही, तो विरजी व्होरा नावाचा सावकार तापीकाठच्या या बंदरात बसून मिरी, कापूस, अफू, पोवळी, सोने-रूपे अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या जिनसांचा व्यापार करीत असे. आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा आणि मलबार येथे त्याचे गुमास्ते असत, तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत त्याचा माल जात असे, आणि इंग्रज कंपनीच्या वखारीला रोकडीची चणचण भासली की तिचे कारभारी कर्जासाठी त्याच्याच पेढीची पायरी चढत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि ज्या धनाढ्यांच्या हवेल्या रित्या झाल्या, त्यांत व्होराची हवेली व वखारी अग्रभागी होत्या. ही हकीकत मराठी माणसाला स्वराज्याच्या बाजूने चांगली ठाऊक असते. परंतु तिची दुसरी बाजूही आर्थिक दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. इतके प्रचंड नुकसान सोसूनही व्होरा निर्धन झाला नाही. १६६६ साली सुरतेत आलेल्या थेवनो या फ्रेंच प्रवाशाने त्याच्या संपत्तीचा आकडा ऐंशी लाखांच्या घरात सांगितला आहे आणि पुढेही त्याची पेढी कर्जे देत राहिली. त्याचा ऐवज जसा सुरतेच्या तळघरात होता, तसाच तो बऱ्हाणपूरच्या येण्यात, समुद्रावरच्या मालात आणि दूरदूरच्या पेढ्यांवरील हुंड्यांतही होता. एक शहर लुटले गेले म्हणजे त्याचे एक शहर लुटले जाई, त्याची सारी मिळकत नव्हे.

याच सुरतेत १८३१ साली जन्मलेल्या आणि मुंबईस जाऊन शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे झालेल्या प्रेमचंद रायचंद यांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशाच्या पुरावर मुंबईत बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या अशा अगणित संस्था निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा देणेकऱ्यांची एकच रांग लागली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्या प्रेमचंदांचेही वैभव त्या पडझडीत गेले. त्या वेळी एखाद्या सावध गृहस्थाने आपले पैसे एका बँकेत, दोन वित्तसंस्थांत आणि तीन जमीन-कंपन्यांत वाटून ठेवले असते, तरी तो वाचला नसता. कारण या साऱ्या संस्थांची नावे निराळी होती, पण त्यांच्या तेजीचे मूळ एकच होते, आणि ते कापसाच्या भावात होते.

मला या लेखात जे सांगावयाचे आहे, त्याचे सार या दोन हकीकतींत आले आहे. पुंजीची विभागणी म्हणजे नावांची विभागणी नव्हे, कारणांची विभागणी होय. ज्या कारणाने एक ठेव बुडेल, त्याच कारणाने दुसरी बुडता कामा नये, ही दृष्टी ठेवून केलेली वाटणीच आर्थिक अनिश्चिततेच्या काळात माणसाला तारते. आणि आजच्या सुरतेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या दृष्टीची निकड आहे, असे मला मनापासून वाटते.

सात नावे, एक कारण

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून हिंडताना गुजरातीच्या बरोबरीने मराठी आणि अहिराणी कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून, उधन्याला जळगावशी जोडणाऱ्या लोहमार्गाने, पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांच्या पिढ्या येथे नांदत आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही येथे चालतात. यांतील कोणी यंत्रमागावर, कोणी कापड रंगविण्याच्या मिलमध्ये, कोणी रिंगरोडच्या कापडबाजारात, तर कोणी हिऱ्याच्या कारखान्यात काम करतो. हिऱ्याच्या कारखान्यात ज्याला घंटी म्हणतात, त्या मेजाभोवती चौघे कारागीर बसतात. मध्ये वेगाने फिरणाऱ्या चकतीला हिऱ्याची भुकटी लावलेली असते, तीवर खडा टेकवायचा, उचलून भिंगाखाली पाहायचा, पुन्हा टेकवायचा, असे दिवसभर चालते, आणि मजुरी बहुधा नगावर ठरते. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ या शहरातील हातांखालून जातात, असे सांगितले जाते. परंतु कच्चा खडा परदेशातून येतो आणि तयार हिऱ्याचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत असते. त्यामुळे तेथील बाजार थंडावला की घंटीभोवतीच्या चौघांच्याही ताटातली भाकरी एकाच दिवशी लहान होते.

आता असे एक कुटुंब कल्पनेत आणावे. कर्ता पुरुष घंटीवर बसतो. पत्नी घरबसल्या साड्यांना लेस व टिकल्या लावून देते. मुलगा कापडबाजारात गुमास्ता आहे. डिंडोलीत हप्त्यांवर घेतलेले घर आहे, शहराच्या कडेला पुढेमागे भाव येईल म्हणून घेतलेला एक प्लॉट आहे, कारखान्यातल्या सोबत्याला व्याजाने दिलेले पन्नास हजार आहेत, आणि त्याच कारखान्यातल्या वीसजणांची भिशी आहे. कागदावर ही सात साधने दिसतात. परंतु सुरतेचा धंदा बसला तर नगांची मजुरी घटते, साड्यांचे काम थांबते, दुकानातली नोकरी जाते, घराचे हप्ते थकतात, प्लॉटला गिऱ्हाईक मिळत नाही, सोबत्याकडून वसुली होत नाही आणि भिशीचे हप्ते भरणारेच बेकार होतात. सातही साधने एकाच आधारावर उभी आहेत, आणि तो आधार म्हणजे हे शहर.

हा केवळ तर्क नव्हे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसे सुरत सोडून गेली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला आणि घर, दुकान व माल यांची नासाडी एकाच आठवड्यात झाली. २००८ च्या जागतिक मंदीत हिऱ्याचे कारखाने दिवाळीच्या सुटीनंतर उघडेनात आणि हजारो कारागिरांना गावी परतावे लागले. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी आणि जुलै २०१७ मधील वस्तू व सेवा कर यांची झळ रोकडीवर चालणाऱ्या कापडधंद्याला पोहोचली. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले. आणि अलीकडे प्रयोगशाळेत बनविलेल्या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्याचा भाव पाडला, त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत नेले. प्रत्येक संकटाचे निमित्त वेगळे. परंतु ज्याची कमाई, घर आणि शिल्लक तिन्ही सुरतेतच होती, त्याच्या तिन्ही बाजू एकदम कोसळल्या.

माणसाची सर्वांत मोठी पुंजी म्हणजे त्याची कमावण्याची शक्ती. ती ज्या शहरात, ज्या धंद्यात गुंतली आहे, तेथे त्याची जोखीम अगोदरच भरपूर आहे. म्हणून उरलेली शिल्लक त्या शहराबाहेर, त्या धंद्याबाहेर आणि शक्य तेवढी निरनिराळ्या कारणांवर उभी असली पाहिजे. हिऱ्याच्या कारागिराने बचत म्हणून हिराच विकत घेणे हे याच न्यायाने अयोग्य ठरते. शिवाय सोन्याला जसा तोळ्याचा एक भाव असतो तसा हिऱ्याला नसतो, प्रत्येक खड्याचे वजन, रंग, निर्मळपणा आणि घडण पाहून त्याची किंमत ठरते, आणि अडचणीच्या वेळी विकणाऱ्याला ती कधीच समाधानाची मिळत नाही.

चार राशी आणि त्यांचे स्वभाव

सामान्य गृहस्थाला सहज साधतील अशा पुंजीच्या राशी चार आहेत, आणि प्रत्येकीचा स्वभाव भिन्न आहे.

पहिली राशी हाताशी असलेल्या रोकडीची. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम, आणि नगावर मजुरी असेल तर त्याहून काहीशी अधिक, बँकेच्या बचत खात्यात व अल्पमुदतीच्या ठेवींत असावी. हिचे काम वाढणे हे नव्हे. वाईट दिवसांत बाकीच्या राशींना हात लावू न देणे हे तिचे काम. बँक निवडतानाही विभागणीचे भान हवे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना प्रारंभी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, आणि ज्यांची सारी शिल्लक त्या एका बँकेत होती त्यांचे हाल साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. ती मर्यादा ओलांडण्यापूर्वी दुसरी बँक गाठावी.

दुसरी राशी निश्चित व्याजाची. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, ज्याला लोक पीपीएफ म्हणतात, तो १९६८ सालापासून चालू आहे. त्याची मुदत पंधरा वर्षांची, वर्षाचा कमाल भरणा दीड लाखाचा, आणि व्याजाचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. टपालखात्याच्या योजना, कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड, सरकारी कर्जरोखे ही याच राशीतली साधने. त्यांच्यामागे सरकारची हमी असल्याने मुद्दल बुडण्याची भीती जवळजवळ नसते; परंतु महागाई वाढली की व्याजाची किंमत घटते आणि वीस वर्षांनी हाती येणाऱ्या लाखाला आजच्या लाखाचे मोल राहत नाही. या राशीत अधिक व्याजाच्या मोहाने खासगी कर्जरोख्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी की एप्रिल २०२० मध्ये एका नामांकित फंडसंस्थेने आपल्या सहा कर्जरोखे-योजना एकाच दिवशी बंद केल्या आणि गुंतवणूकदारांचे पैसे काही काळ अडकून पडले.

तिसरी राशी शेअरची, म्हणजे देशातील मोठ्या उद्योगांतील मालकीच्या हिश्शाची. दीर्घ मुदतीत महागाईला मागे टाकण्याची शक्ती हिच्यात सर्वांत अधिक असते. पण तिची चाल अतिशय अस्थिर. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये तो आठ हजारांच्या घरात आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा एकवीस हजारांना पोहोचला. ज्याला मधल्या काळात मुलीच्या लग्नासाठी शेअर विकावे लागले, त्याच्या दृष्टीने तो पुढचा चढ झालाच नाही. म्हणून सात-आठ वर्षे ज्या पैशाची गरज लागणार नाही, तेवढाच पैसा या राशीत घालावा.

चौथी राशी सोन्याची. रुपया घसरला, युद्धे पेटली, लोकांचा इतर साधनांवरील विश्वास उडाला की सोन्याला तेजी येते. म्हणून शेअर कोसळतात त्या वेळी ते पुष्कळदा आधार देते. परंतु सोनेही अढळ नाही. २०१२ साली दहा ग्रॅम सोने एकतीस हजारांच्या आसपास होते आणि २०१८ सालीही ते तेवढ्यातच होते. सहा वर्षे त्याने ना व्याज दिले ना वाढ. त्यानंतर त्याने अशी झेप घेतली की २०२५ मध्ये तो भाव लाखापलीकडे गेला. अंगावरचे दागिने ही घरातल्या स्त्रीची मिळकत आणि जिव्हाळ्याची वस्तू. ती पुंजीच्या हिशेबात धरू नये. पुंजी म्हणून सोने ठेवायचे तर घडणावळ आणि घट यांत पैसा जाणार नाही अशा सोन्याच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडात, ठेवणे श्रेयस्कर.

या चारही राशी एकाच वर्षी उत्तम फळल्या किंवा एकाच वर्षी बुडाल्या, असे क्वचितच घडते. आणि विभागणीचे सारे बळ या एका वस्तुस्थितीत आहे. हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली हेच गणिताने मांडले आणि १९९० मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एखादे साधन स्वतंत्रपणे किती धोक्याचे आहे, याहून ते इतर साधनांच्या सोबतीने कसे चालते, हे पाहणे महत्त्वाचे, असा त्याचा सिद्धांत होता.

निर्देशांकाची रीत

शेअरची राशी ठेवायची हे ठरले, तरी कोणत्या कंपनीचे शेअर घ्यायचे, हा प्रश्न उरतो, आणि येथेच सामान्य माणूस दलालाच्या, शेजाऱ्याच्या किंवा मोबाइलवर येणाऱ्या ‘टिप’च्या अधीन होतो. या प्रश्नाला निवड न करण्याची जी रीत उत्तर म्हणून निघाली, तिला निष्क्रिय गुंतवणूक म्हणतात. अमेरिकेत जॉन बोगल यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये सामान्य लोकांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला; पंधरा कोटी डॉलर जमतील या अपेक्षेने निघालेल्या त्या फंडाला प्रारंभी जेमतेम सव्वा कोटीसुद्धा मिळाले नाहीत. आज मात्र ही रीत जगभर रूढ आहे. आपल्याकडे निफ्टीला बांधलेला पहिला ईटीएफ डिसेंबर २००१ मध्ये निघाला.

त्याची कार्यपद्धती समजायला अवघड नाही. निफ्टी हा राष्ट्रीय शेअरबाजारावरील पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. बाजारात खरेदी-विक्रीसाठी मोकळ्या असलेल्या शेअरच्या एकूण किमतीवरून प्रत्येक कंपनीचा त्यातील वाटा ठरतो. आपण पाचशे रुपये इंडेक्स फंडात भरले आणि एखाद्या बँकेचा निर्देशांकातील वाटा दहा टक्के असला, तर त्यांतले पन्नास रुपये त्या बँकेच्या शेअरमध्ये जातात, दोन टक्के वाट्याच्या कंपनीत दहा रुपये जातात, आणि याप्रमाणे पाचशे रुपयांचे पन्नास हिस्से होतात. फंडाच्या व्यवस्थापकाला कोणतीही आवडनिवड करण्याची मुभा नसते. वर्षातून दोनदा यादीची फेरतपासणी होते. मागे पडलेल्या कंपन्या जातात, पुढे आलेल्या येतात. १९८६ साली सेन्सेक्सची पहिली यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत बॉम्बे डाइंग, हिंदुस्थान मोटर्स आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही त्या काळची मातब्बर नावे होती. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या मोटारींचे राज्य कधी संपेल असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. ज्याने त्या काळी केवळ या कंपन्यांचेच शेअर घेऊन जपून ठेवले, त्याची निष्ठा फुकट गेली. यादीला धरून राहणाऱ्याला मात्र, त्यांच्या जागी पुढे आलेल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांचा आणि खासगी बँकांचा हिस्सा आपोआप मिळत गेला.

या रीतीचा दुसरा गुण तिच्या अल्प खर्चात आहे. थेट घेतलेल्या इंडेक्स फंडाचा वार्षिक आकार शेकडा वीस-तीस पैशांच्या आसपास असतो. मध्यस्थामार्फत घेतलेल्या निवडक शेअरच्या फंडाचा तो शेकडा दीड-दोन रुपयांपर्यंत जातो. ही तफावत क्षुल्लक भासते, पण तिचे वर्षानुवर्षांचे परिणाम मोठे आहेत. उदाहरणार्थ, एक लाख रुपये तीस वर्षे दरसाल दहा टक्क्यांनी वाढले असे धरले, तर त्यांचे सुमारे साडेसतरा लाख होतात. खर्चापायी तीच वाढ साडेआठ टक्क्यांवर आली, तर सुमारे साडेअकरा लाखच हाती येतात. मधले सहा लाख आकारात गेले. कुशल व्यवस्थापक हा खर्च भरून काढील अशी आशा दाखविली जाते. परंतु बाजारातील सर्व गुंतवणूकदार मिळून बाजाराएवढेच मिळवू शकतात, त्यातून खर्च वजा जातो, आणि म्हणून दीर्घ मुदतीत मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणारे बहुसंख्य फंड निर्देशांकाच्या मागेच राहिलेले दिसतात. जे थोडे पुढे जातात, त्यांची नावे अगोदर ओळखण्याची युक्ती कोणापाशी नाही.

ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, त्यांनी तर ही रीत नकळत स्वीकारलेलीच आहे. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा एक भाग, प्रथम पाच टक्के आणि पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत, निर्देशांकाला बांधलेल्या ईटीएफमध्ये गुंतवीत आली आहे. ज्यांची नावे त्या दफ्तरात नाहीत, अशा नगावर राबणाऱ्या कारागिरांना मात्र ही तजवीज स्वतःच करावी लागते, आणि हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

निर्देशांकाच्याही मर्यादा आहेत आणि त्या स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. निफ्टीत कंपन्या पन्नास असल्या, तरी त्यातील सुमारे एकतृतीयांश वाटा बँका व वित्तसंस्थांचा आहे. म्हणून त्याच्या जोडीला पुढच्या पन्नास कंपन्यांचा किंवा पाचशे कंपन्यांचा व्यापक निर्देशांक घेणे हिताचे. शिवाय एक संपूर्ण देशही दीर्घकाळ मागे पडू शकतो. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या शिखरावर होता, तेथे परत पोहोचायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. ज्या जपानी माणसाने सारी पुंजी स्वदेशाच्या शेअरमध्ये ठेवली, त्याचे ऐन कर्तेपण त्या प्रतीक्षेत सरले. यासाठी शेअरच्या राशीतला थोडा भाग परदेशी निर्देशांकावरील फंडात असावा. अशा फंडांवर नियामकांनी घातलेल्या मर्यादेमुळे काही वेळा त्यांत नवे पैसे घेणे बंद असते. तेव्हा घाई न करता ते पुन्हा उघडण्याची वाट पाहावी.

वाटणी आणि फेरवाटणी

प्रमाण काय असावे, याला सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. वय, जबाबदाऱ्या, मिळकतीची स्थिरता आणि मनाची सहनशक्ती पाहून ते ठरते. पगार अनिश्चित असणाऱ्याने शेअरचा वाटा नेहमीच्या सल्ल्याहून थोडा कमीच ठेवावा, कारण अनिश्चितता त्याच्या कमाईत आधीच भरलेली आहे. समजा, रोकड बाजूला ठेवून उरलेल्या दहा लाखांतील पाच लाख शेअरच्या, चार लाख निश्चित व्याजाच्या आणि एक लाख सोन्याच्या राशीत आहेत. शेअर अर्ध्यावर आले आणि बाकीच्या राशी स्थिर राहिल्या, तर एकूण पुंजी साडेसात लाख होईल. सारी पुंजी शेअरमध्ये असती तर ती पाच लाखांवर आली असती. पन्नास टक्क्यांची तूट भरून काढायला शंभर टक्के वाढ लागते, पंचवीस टक्क्यांची तूट भरून काढायला तेहतीस टक्के पुरते. ज्याने आपली घट मर्यादेत ठेवली, त्याचा परतीचा रस्ता तिपटीने सोपा होतो.

आता साडेसात लाखांचे पुन्हा मूळ प्रमाणात वाटप करायचे, तर शेअरच्या राशीत पावणेचार लाख हवेत. म्हणजे व्याजाच्या राशीतून एक लाख आणि सोन्यातून पंचवीस हजार काढून स्वस्त झालेल्या शेअरमध्ये घालायचे. हीच फेरवाटणी. सर्व जग भयाने विकत असताना घेणे आणि सर्व जग हर्षाने घेत असताना थोडे विकणे, हे ज्ञात्यांनाही स्वभावतः जमत नाही. पण वर्षातून एक दिवस ठरवून, त्या दिवशी प्रमाण पाहून केवळ हिशेबाप्रमाणे वागायचे असा नेम केला, तर ते साध्या माणसालाही जमते. पीपीएफसारख्या साधनातून मुदतीपूर्वी पैसे काढणे अवघड असते आणि विक्रीवर करही लागतो. म्हणून बहुतेक वेळा नवी बचत कमी पडलेल्या राशीत घालूनच प्रमाण सांभाळावे. दरमहा ठरावीक हप्ता भरणे ज्याला झेपत नाही, त्याने किमान रकमेचा हप्ता ठेवून तेजीच्या महिन्यांत आणि दिवाळीच्या बोनसातून जादा भर घालावी. सुरतेच्या धंद्याचे ऋतू लक्षात घेता हीच पद्धत येथे अधिक सोयीची.

प्रारंभी काय करावे

या सर्वांच्या आधी दोन कामे उरकली पाहिजेत. दरमहा दोन टक्क्यांनी घेतलेले हातउसने कर्ज वर्षाला चोवीस टक्के खाते. कोणताही फंड इतके नित्य देत नाही, म्हणून ते फेडणे हीच पहिली गुंतवणूक. दुसरे काम विम्याचे: कर्त्या माणसाचा मुदतीचा आयुर्विमा आणि कुटुंबाचा आरोग्यविमा नसेल, तर एका दुखण्यात चारही राशी रित्या होतात.

त्यानंतर दक्षतेचे काही नियम. अल्पावधीत दामदुप्पट देण्याचे वचन देणारा माणूस ओळखीचा, गावचा किंवा जातभाई असला तरी त्याला पैसे देऊ नयेत. आपल्या माणसांतूनच असे सापळे पसरतात, कारण विश्वास हेच त्यांचे भांडवल असते. सल्लागार शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडे नोंदलेला आहे की नाही, हे पाहावे. म्युच्युअल फंडातील मालमत्ता विश्वस्तांच्या देखरेखीखाली निराळी ठेवलेली असते, त्यामुळे फंड चालविणारी कंपनी अडचणीत आली तरी ती मालमत्ता कंपनीच्या देण्यात जात नाही. बाजार पडला तर तिची किंमत मात्र घटते, आणि त्याविरुद्ध कोणाचीही हमी नसते. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लावावे. आणि कोठे काय ठेवले आहे, कोणत्या प्रमाणात ठेवले आहे आणि फेरवाटणी कोणत्या महिन्यात करायची आहे, हे एका वहीच्या पानावर मराठीत लिहून पत्नीला व मोठ्या मुलांना समजावून सांगावे. जी योजना एका पानात मावत नाही किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला समजत नाही, ती संकटाच्या दिवशी उपयोगी पडण्याचा संभव कमी.

हे ज्ञान आज इंग्रजीत आणि गुजरातीत विपुल आहे. लिंबायत-उधन्यातील मराठी कामगारापर्यंत ते त्याच्या भाषेत अभावानेच पोहोचते, आणि त्यामुळे प्लॉटचा दलाल व व्याजाचा सावकार हेच त्याचे अर्थगुरू ठरतात. सुरतेत खानदेशी समाजाची मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत, मराठी शाळा व त्यांतले तळमळीचे शिक्षक आहेत. या मंडळांनी दरवर्षी एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, घंटीवर आणि मागावर बसणाऱ्यांना वहीचे ते एक पान कसे भरायचे हे दाखवावे, आणि कोणतेही खाते उघडून देण्याचे किंवा कमिशन घेण्याचे काम त्या व्यासपीठावर होऊ देऊ नये. घाम गाळून मिळविलेल्या पैशाचे रक्षण करण्याची विद्या श्रीमंतांच्या पेढीपुरती राहिली, तर दर मंदीत गरिबाचीच शिल्लक पहिल्यांदा संपते. आणि ते थांबविण्यासाठी लागणारी साधने आज पाचशे रुपयांपासून उपलब्ध असताना त्यांची माहितीच न पोहोचणे हा दोष आपल्या समाजाचा आहे, तो आपणच दूर केला पाहिजे.